ऑगस्टमधली हुशारी

तुमच्या नाकासमोर कुणी हात धरला आणि विचारलं, "किती बोटं?" तर उत्तर द्यायला तुम्हाला डोळे लागतात का?

आमच्या ग्लासर्स रन गावात लागत नाहीत. इथं उत्तर आधीच ठरलेलं आहे. दोन. मैदानावर पोरगा डोक्यावर आपटला की कुणीतरी पळत जायचं, त्याच्यासमोर दोन बोटं धरायची, पोरगा म्हणायचा "दोन", आणि कठड्यापलीकडून आख्खं गाव टाळ्या वाजवायचं. पन्नास वर्षांत तिसरं बोट कुणी वर केलं नाही. का नाही केलं, असं विचारलं की लोकांना राग येतो. येऊ दे.

वेंडेल ह्रुस्काला हे 'दोन' चौदाव्या वर्षी मिळालं. बाप बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर. भट्टी विझली, कारखान्याला कुलूप लागलं, आणि गावाकडे उरली नदी, दोन चर्च आणि शाळेची फुटबॉलची टीम. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन एकमेकांवर आदळायचा खेळ. वेंडेल त्या टीमचा क्वार्टरबॅक. म्हणजे ज्याच्या हातात चेंडू येतो आणि पुढचे चार सेकंद ज्याला आडवा करायला समोरचे सगळे धावत सुटतात, तो. पोरगा उंच, मनगट सणसणीत, आणि कुणी अंगावर आलं तरी पापणी न लववणारा. गावातल्या म्हाताऱ्या बायका चर्चमध्ये त्याच्या गुडघ्यांसाठी मेणबत्त्या लावायच्या. डोक्यासाठी कुणी लावली नाही.

पुढे नदीच्या वरच्या अंगाला, नव्वद मैलांवरच्या कॉलेजात त्याला जागा मिळाली. तिथं त्याला गिल भेटला. गिल्बर्ट ऑस्ट्रँडर, टीमचा सेंटर, कपाटाएवढा माणूस. सेंटरचं काम म्हणजे वाकून चेंडू पायांमधून मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकच्या हातात द्यायचा आणि लगेच अंगावर येणाऱ्यांना छातीवर घ्यायचं. चार वर्षं, दिवसाला शंभर वेळा, वेंडेलचे हात गिलच्या मांड्यांखाली. पुढे लग्न झाल्यावर गिल चारचौघांत म्हणायचा, "माझ्या बायकोपेक्षा हाच मला जास्त ओळखतो. आणि तिच्यासारखा कटकट करत नाही."

शेवटच्या वर्षीचा नोव्हेंबरमधला तो सामना. पहिल्या अर्ध्यात वेंडेलला मागून धडक बसली. त्याला धडक देणारा दिसला नाही, फक्त गवत अगदी जवळून दिसलं. कुणाची तरी बोटं समोर आली. गिल कानाशी कुजबुजला, "दोन, रे. दोन म्हण." वेंडेल म्हणाला, "दोन."

त्यानंतर त्याला आठवतं ते थेट बसमधलं. कांद्याचा वास, काचेवर वाफ, आणि पोरं त्याच्या गळ्यात पडून रडतायत. ते तीन गुणांनी जिंकले होते. दुसऱ्या अर्ध्यात वेंडेलने दोनदा लांब चेंडू फेकून सामना फिरवला होता. असं लोक म्हणत होते. वेंडेल हसत होता, कारण सगळे हसत होते. त्याच्या डोक्यात त्या दीड तासाच्या जागी काहीही नव्हतं. अंधारही नव्हता. अंधार असता तरी काहीतरी आहे असं वाटलं असतं.

तो कुणालाच बोलला नाही. त्याने तो सामना इतरांच्या तोंडून गोळा केला, नंतर टेप मिळवून पाहिला, आणि पाठ केला. तीस वर्षं गावातल्या प्रत्येक जेवणावळीत त्याला तोच किस्सा सांगायला लावायचे, आणि तो सांगायचा. "मग मी गिलकडे बघितलं, आणि गिल मला म्हणाला..." लोकांच्या अंगावर काटा यायचा. त्याच्याही यायचा, पण वेगळ्या कारणाने. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि त्या दिवशी तो हजरच नव्हता. त्या बसमध्ये एक भीती त्याच्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. ती पुन्हा उतरली नाही.

गुडघा गेल्यावर तो गावात परतला, शाळेत भूगोल शिकवू लागला आणि टीमचा कोच झाला. सव्वीस वर्षं. चांगला कोच. उगाच गोडवे गायला हा काही पुतळ्याच्या अनावरणाचा कार्यक्रम नाही, पण खरं ते खरं: ज्या पोराच्या घरी चूल धड नाही त्याला तो स्वतःच्या ताटातलं वाढायचा. ज्याचा बाप मारतो, त्या बापाला घराबाहेर बोलावून दोन शब्द ऐकवायचा.

आणि दर ऑगस्टमध्ये तो एक वाक्य बोलायचा.

ते वाक्य समजून घ्या. आता बोटांचे दिवस गेले, कायदा आला. मोसम सुरू होण्याआधी, ऑगस्टमध्ये, प्रत्येक खेळाडूला वाचनालयात संगणकासमोर बसवतात. शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात, किती लक्षात राहिलं ते विचारतात. त्याचे गुण जपून ठेवतात. पुढे कुणाचं डोकं आपटलं की पुन्हा तीच परीक्षा. गुण ऑगस्टपेक्षा घसरले तर पोरगा घरी. सोपं आहे ना? पोरांनी त्याहून सोपं केलं. ऑगस्टमध्येच मुद्दाम चुका करायच्या. शब्द माहीत असला तरी 'माहीत नाही' दाबायचं. मग आपटा कितीही, गुण घसरायला जागाच नाही.

वेंडेलने हे कुणाला शिकवलं नाही. तो फक्त वाचनालयाच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "पोरांनो, ऑगस्टमध्ये फार हुशारी नको." पोरं खुसखुसायची. बस, एवढंच. कुठल्याही कोर्टात पकडता येणार नाही असं वाक्य. त्याला वाटायचं, आपण पोरांचा मोसम वाचवतोय. गिलने वाचवला होता तसा.

छप्पन्नाव्या वर्षी गोष्टी हातातून निसटायला लागल्या. आधी शब्द. एकदा सरावात गळ्यातली शिट्टी हातात धरून तो उभाच राहिला, तिला काय म्हणतात ते येईना. मग रस्ते. चौकात गाडी थांबवली, मागच्याने भोंगा वाजवेपर्यंत उजवीकडे घर की डावीकडे, ते कळेना. चाली आठवेनाशा झाल्या, तेव्हा त्याने त्या सगळ्या क्रमांक घालून एका मोठ्या कागदावर छापल्या आणि कागद प्लास्टिकमध्ये घालून घेतला. तीच यादी क्वार्टरबॅकच्या मनगटाच्या पट्ट्यावर. कोचने नुसता आकडा ओरडायचा. लोक म्हणाले, वेंडेल सुधारला, नव्या पद्धतीने चालला. बायको नोरीनने फक्त स्वयंपाकघरातल्या खणांवर आत काय आहे त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि वर म्हणाली, "माझं विसरायला होतं हल्ली." तिचं काहीही विसरायला होत नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं.

दर महिन्याला एका रविवारी तो गिलला भेटायला जायचा. गिल आता एका आश्रयगृहात होता, खिडकीशी खुर्ची, मांडीवर घोंगडी. कुणालाच ओळखत नव्हता. सप्टेंबरमधल्या त्या रविवारी वेंडेल बोलण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, सहज, गंमत म्हणून पुटपुटला, "खाली... तयार..." चेंडू मागण्याआधी क्वार्टरबॅक जी आरोळी देतो, तिचे पहिले दोन शब्द.

गिल खुर्चीतून उठला. घोंगडी बाजूला पडली. पायात चपला घातलेला, साठीला टेकलेला तो अवाढव्य माणूस फरशीवर वाकला, उजवा हात जमिनीला लावला, मान वर केली आणि थांबला. त्याच्या मांड्या थरथरत होत्या. तो तिसऱ्या शब्दाची वाट बघत होता.

वेंडेलच्या तोंडून तिसरा शब्द फुटेना. गिलला उचलायला दोन नर्स लागल्या. गाडीत बसल्यावर वेंडेलने चावी लावली आणि पंधरा मिनिटं ती फिरवलीच नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी कॉर्बिन आपटला.

कॉर्बिन टीग, सतरा वर्षांचा, टीमचा क्वार्टरबॅक. डोकं एवढं मोठं की त्याचं हेल्मेट खास मागवावं लागलं होतं, आणि सगळे त्याला भोपळ्या म्हणायचे. पोरगा गोड, अभ्यासात तल्लख, नदीपल्याडचे डोंगर नावानिशी सांगणारा. शेवटच्या सामन्याला एका कॉलेजचा माणूस खास त्याला बघायला येणार होता. ट्रक चालवणाऱ्या बापाची ही गोष्ट पेट्रोल पंपावरच्या प्रत्येकाला दोन दोनदा सांगून झाली होती. त्या सामन्याच्या आधीच्या शनिवारी कॉर्बिन दोन जणांच्या मध्ये चेंगरला आणि मानेवर पडला. उठला, हसला, अंगठा दाखवला.

सोमवारी ओडेसा प्रुइटने त्याची परीक्षा घेतली. ओडेसा म्हणजे टीमची उपचार करणारी बाई, पट्ट्या बांधणारी, बर्फ लावणारी, आणि कुणालाही न भिणारी. वेंडेलच्या मागे दोन वर्षं त्याच शाळेत होती. पोरांसमोर त्याला 'कोच' म्हणायची, दार लावलं की नाव घ्यायची. त्या दिवशी तिने दार लावलं.

"वेंडेल, कॉर्बिन पास झाला."

"झालं तर मग."

"ऑगस्टमध्ये बावन्न होते. आज एकाहत्तर." तिने कागद टेबलावर सरकवला. "तीस वर्षं हे काम करते मी. डोकं आपटल्यावर अक्कल आलेला पोरगा पहिल्यांदाच बघतेय. सगळ्या टीमला भिंतीवर आपटू या का? राज्यात पहिले येतील अभ्यासात."

वेंडेल हसला. ती हसली नाही.

"ऑगस्टमध्ये पोरांनी मुद्दाम चुका केल्या का?"

"मला काय माहीत?"

"तुला माहीत नाही."

"मी काय प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभा होतो?"

"दारात उभा होतास," ओडेसा म्हणाली. "कागदावर तो पास आहे. मला त्याला थांबवता येत नाही. तू हो म्हणालास, तर थांबवता येईल. आणि मग एकट्यालाच नाही, तेही तुला कळतंय."

त्याला कळत होतं. हो म्हणायचं म्हणजे एकतीसच्या एकतीस पोरांची ऑगस्टची परीक्षा रद्द. मोसम रद्द. नोकरी गेली. आणि नाही म्हणायचं म्हणजे कॉर्बिन शनिवारी मैदानात. डोकं एकदा हललेलं असताना पुन्हा धडक बसली तर पोरगा जागच्या जागी जाऊ शकतो, हे कोच लोकांच्या सक्तीच्या वर्गात दर वर्षी दाखवतात. वेंडेल दर वर्षी मागच्या बाकावर बसून चाली आखायचा.

"ठीक आहे तो," वेंडेल म्हणाला. आणि निघून गेला.

गुरुवारच्या सरावात धावपळ नसते, नुसत्या चाली चालून बघतात. वेंडेलने आकडा ओरडला. पोरं ओळीने वाकली. कॉर्बिन चालत आला आणि सेंटरला सोडून त्याच्या शेजारच्या पोरामागे जाऊन हात लावून उभा राहिला.

पोरं खदखदली. ज्याच्यामागे तो उभा होता तो ओरडला, "ए भोपळ्या! माझ्याकडे चेंडू नाहीये, बाबा. फुकट हात गरम करू नको."

कॉर्बिनही हसला. "गंमत केली रे," म्हणाला, आणि एक पाऊल सरकला. पण सरकण्याआधी त्याने एक क्षण वेंडेलकडे पाहिलं. ती नजर वेंडेलने ओळखली. बसमधली होती. सगळे हसतायत म्हणून हसणाऱ्या माणसाची.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. नाही बोलला. तुम्ही म्हणाल, भित्रा. म्हणा. पण ज्याला गावाने सव्वीस वर्षं खांद्यावर घेतलंय त्याला खाली उतरायला किती भीती वाटते, हे खांद्यावर न बसलेल्यांना सांगून उपयोग नाही.

सामना शनिवारी दुपारी दीडचा होता. मैदानावरच्या दिव्यांचे खांब गंजून धोक्याचे ठरले, तेव्हापासून आमचे सामने दिवसाउजेडीच होतात. समोर नदीपलीकडचं बेल्डन, म्हणजे आमचं आजन्माचं वैर. सकाळी दहाला वेंडेलने सामानाच्या खोलीचं कुलूप उघडलं. सगळी हेल्मेटं खुंट्यांवर ओळीने टांगलेली. त्याने कॉर्बिनचं काढलं.

बेत साधा होता. दुसरं कुठलंही हेल्मेट त्या डोक्याला बसणार नाही. हेल्मेट नाही म्हणजे खेळ नाही. कुणाला काही सांगायला नको, कुणाची परीक्षा रद्द व्हायला नको. पोरगा वाचेल, नोकरी वाचेल. सामना झाल्यावर हेल्मेट कुठल्या तरी कोपऱ्यात 'सापडेल'. काखेत हेल्मेट घेऊन तो बाहेर पडला. गार वारा होता. इथपर्यंत त्याला स्वच्छ आठवतं.

अकराला चर्चच्या तळघरात टीमचं जेवण. बायकांनी कोबी घातलेले नूडल्स आणि बटाट्याच्या करंज्या केल्या होत्या. वेंडेलने दोन ताटं खाल्ली. कितीतरी दिवसांत त्याला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

साडेबाराला बोंब झाली. मदतनीस कोच स्टश, गोरा लालबुंद गडी, कपडे बदलायच्या खोलीतून ओरडतच बाहेर आला.

"चोरलं! भोपळ्याचं हेल्मेट चोरलं! बेल्डनवाल्यांचं काम आहे हे!"

"असेल इथंच कुठंतरी," वेंडेल म्हणाला.

"इथंच कुठं? दोन वर्षांपूर्वी आपल्या शाळेची घंटा कुणी पळवली होती? नदीत कुणी टाकली? कोच, तुम्ही लई सज्जन आहात, तुम्ही बाजूला बसा."

पाच मिनिटांत बातमी फाटकापर्यंत गेली आणि तिथून बेल्डनच्या बसपर्यंत. बस नुकतीच येऊन थांबली होती, पोरं अजून आतच होती. आमच्या तीसेक बाप्यांनी तिला वेढा घातला. सगळ्यांत पुढे कॉर्बिनचा बाप, ड्यूई टीग, हातात चाकं खोलायचा लोखंडी पाना. "हेल्मेट द्या, नाहीतर बस इथंच राहील!" आतली पोरं ओरडत होती, "कसलं हेल्मेट? वेडे झालात का?" मग एक काच फुटली. कुणाच्या दगडाने, ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. आत चौदा पंधरा वर्षांचं एक पोर कान धरून खाली बसलं.

वेंडेलने ते पाहिलं आणि ठरवलं. पुरे. हेल्मेट आणून द्यायचं, सापडलं म्हणायचं, भांडण मिटवायचं. मग कॉर्बिनचं काय ते बघू. तो वळला आणि हेल्मेट आणायला निघाला.

दहा पावलांवर थांबला.

कुठून आणायचं?

हाताला वजन आठवत होतं. काखेत टोचणारी जाळी आठवत होती. वारा आठवत होता. त्यापुढे काही नव्हतं. चालत गेलेला माणूस एका जागी संपत होता आणि जेवणाच्या ताटासमोर पुन्हा सुरू होत होता.

तो प्रेक्षकांच्या बाकांच्या फळ्यांखाली वाकून बघून आला. बॉयलरच्या खोलीत गेला. टॉवेल वाळवायच्या यंत्रात हात घातला. आपल्या पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यात बघितलं, ताडपत्री उचलली, खाली टाकली. परत बाकांखाली गेला, कारण तिथं बघितलंय का नाही याची खात्री वाटेना. फाटकाकडून आरडाओरडा वाढत होता. त्याला फरशीवर वाकलेला गिल दिसत होता. तीस वर्षं तो म्हणत आला होता की एकदाच झालं होतं, त्या बसमध्ये, एकदाच. आता बस फाटकात उभी होती, आणि त्याची सीट अजून त्याच्यासाठी राखलेली होती.

ओडेसा उपचाराच्या खोलीत पट्ट्या कापत होती. तो दारात आला तेव्हा तिने कात्री खाली ठेवली.

"हेल्मेट मी घेतलं," तो म्हणाला. "सकाळी. त्यानं खेळू नये म्हणून."

"बरं. मग दे. त्या बाहेरच्या गाढवांना दाखवू दे."

"कुठं ठेवलं ते आठवत नाही."

"वेंडेल, ही थट्टेची वेळ..." त्याचा चेहरा बघून तिने वाक्य तोडलं. तो एकदम सगळं बोलायला लागला, ऑगस्ट, वाचनालय, शिट्टी, चौक, सगळं एकात एक. "थांब," ती म्हणाली आणि त्याला थांबवायला तिने हात वर केला. पाची बोटं पसरलेला पंजा.

वेंडेल म्हणाला, "दोन."

मग त्यालाच ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. ओडेसाने त्याला बाकावर बसवलं. बराच वेळ त्याचं मनगट धरून ठेवलं.

"हे मला एकटीला सांगून भागायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "उठवू का तुला?"

"उठतो मी."

कपडे बदलायच्या खोलीत एकतीस पोरं तयार होऊन बसली होती. वेंडेलने प्लास्टिकमधला कागद बाजूला ठेवला. "हेल्मेट मी लपवलंय. बेल्डनवाल्यांनी नाही. स्टश, जा, बाहेर जाऊन सांग." स्टशचं तोंड उघडंच राहिलं. "जा म्हणतो ना! आणि पोरांनो, ऑगस्टमध्ये ज्यानं ज्यानं मुद्दाम चुका केल्या, त्यानं आपलं हेल्मेट जमिनीवर ठेवा. तुमचा दोष नाही. मी सांगितलं होतं."

मग कोपऱ्यातून एक हेल्मेट सिमेंटवर टेकल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग एका पाठोपाठ एक, गारा पडल्यासारखे. शेवटी एकटा एक पोरगा हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता, टीममध्ये फक्त चेंडूला लाथ मारायला ठेवलेला.

"कोच," तो रडवेला होऊन म्हणाला, "मला खरंच तेवढेच मार्क पडले."

कुणीतरी फिसकन हसलं. कॉर्बिन मात्र उठून वेंडेलसमोर आला. "कोच, असं नका करू. मी ठीक आहे. माझा बाप... तो कॉलेजचा माणूस आलाय, कोच. वर बसलाय."

"परवा तू कुणामागं उभा राहिलास?"

"गंमत केली म्हटलं ना."

"बाळा, तशी गंमत मी तीस वर्षं करतोय."

सामना झाला नाही. बेल्डन जिंकलं असं जाहीर झालं. हेल्मेट नोरीनला सापडलं. थंडी वाढली म्हणून ती गाडीतून घोंगडी काढायला गेली, आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, ते बसलेलं होतं. भर उजेडात, काचेतून कुणालाही दिसेल असं. वेंडेलने त्याला सीटचा पट्टा लावून ठेवला होता, लहान मुलाला लावतात तसा. त्या गाडीचा हौदा तो सव्वा वाजता धुंडाळून गेला होता. नोरीनने ते मांडीवर घेतलं आणि सगळे घरी जाईपर्यंत ती गाडीतच बसून राहिली.

मंगळवारी नोकरी गेली. कुणीतरी अंगणात कारखान्याच्या जुन्या बाटल्या फोडून टाकल्या. ड्यूई टीग आजही रस्ता बदलून जातो. कॉर्बिन तीन आठवडे पडदे ओढलेल्या खोलीत होता, अक्षरं लावता येत नव्हती, उजेडाने ओकायचा. कॉलेजचा माणूस पुन्हा आला नाही. वसंतात कॉर्बिन एकदा वेंडेलच्या पायरीवर येऊन बसला.

"कोच, त्या दिवशी खेळलो असतो तर काय झालं असतं?"

"माहीत नाही."

"मलापण नाही. त्याचाच राग येतो." तो उठला, जाताना म्हणाला, "डोंगरांची नावं परत यायला लागलीत. दोन राहिलीत."

यंदाच्या ऑगस्टमध्ये ओडेसाने वाचनालयात शेवटच्या संगणकाशी एक खुर्ची जास्त ठेवली. वेंडेल पोरांमध्ये बसला. एकही चूक मुद्दाम केली नाही. कागद हातात आला तो न वाचता त्याने नोरीनकडे दिला. आता गाडी तीच चालवते. तो शेजारच्या सीटवर बसतो, पट्टा लावून, आणि प्रत्येक चौकात बाहेर बघण्याआधी तिच्या हातांकडे बघतो, ती कुठं वळवतेय ते. भीती गेलेली नाही. फक्त आता ती दोघांत वाटलेली आहे.

तेव्हा तुम्हाला हात जोडून सांगणं आहे. तुमच्या पोरीने, पोराने, भावाने कधी डोकं आपटलं, आणि उठून हसत "मी ठीक आहे" म्हटलं, तर त्याच्यासमोर बोटं नाचवू नका. दोन तर कुणालाही येतं. त्याचं हेल्मेट, बॅट, गाडीची चावी, जे काही असेल ते त्याच्या हातातून काढून घ्या, शिव्या खा, पण देऊ नका. आणि कुठं ठेवलंत, ते आणखी एका माणसाला नक्की सांगून ठेवा.